लॅपटॉपवाल्या भाऊंचे मनापासून आभार

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण अमळनेरमधे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

लग्नसराई तोंडावर, गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर अन् नवरानवरीचे फोटो पेनड्राईव्हमधे घेऊन दारात उभं, आणि माझा लॅपटॉप पेनड्राईव्ह घेतच नव्हता. जुना, एका ऑफिसातून निघालेला लॅपटॉप आहे. पहिल्या दुकानवाल्याने लांबूनच सांगून टाकलं की पोर्ट गेले, मदरबोर्ड बदला. दुसरा म्हणे सेटिंग आहे पण ती पॉलिसीच्या टूलमधूनच होते, ते टूल विंडोज होममधे, म्हणजे घरगुती विंडोजमधे, येत नाही, वरचं प्रो घ्या नाहीतर विसरा. पैसे दोघांनी घेतले, मशीन उघडून नीट पाहिलं कोणीच नाही.

तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न विचारला, ताई, याच पोर्टला माउस चालतो का? चालत होता. मग पोर्ट कसा गेला असेल, इतकी साधी गोष्ट त्या दोघांना का सुचली नाही याचा मला अजून राग येतो. होममधे ते टूल नसतं हे खरंच आहे, पण तुम्ही सांगितलं की टूल म्हणजे नुसता दरवाजा, त्यातल्या बऱ्याचशा सेटिंग शेवटी रजिस्ट्रीतच, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतच, लिहिल्या जातात आणि रजिस्ट्री एडिटर होममधेही असतो. तिथे यूएसबीस्टोर नावाच्या फोल्डरमधे स्टार्ट म्हणून एक आकडा, ४ असला की पेनड्राईव्ह बंद, ३ असला की चालू. आधीच्या ऑफिसवाल्यांनी डेटा बाहेर जाऊ नये म्हणून ४ करून ठेवला असणार, माउस-कीबोर्डला त्याचा काही संबंधच नाही.

पण भाऊ, मी हे पत्र लिहितेय ते त्या आकड्यासाठी नाही. हात लावायच्या आधी तुम्ही त्या जागेचा बॅकअप काढून डेस्कटॉपवर ठेवला, मग टेबलावरची एक वाया गेलेली पत्रिका उलटी करून तिच्यावर त्या आकड्यापर्यंत पोचायचा पूर्ण रस्ता लिहिला, खाली "आधी ४ होता, आता ३ केला" आणि तारीख. ती पत्रिका माझ्या हातात देऊन म्हणालात, ताई, काही व्हस नही, पण उद्या दुसऱ्या कोणी मशीन उघडलं तर त्याला हे दाखवा. आजवर रिपेअरवाल्याने काय केलं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, स्क्रीन आपल्याकडे फिरवून घ्यायची आणि खटाखट बटणं दाबायची, आपण विचारलं की तुम्हाला नाही समजणार. तुम्ही माझ्याच मशीनबद्दल मला सांगण्यालायक समजलात. आपल्या खान्देशात अशी माणसं आहेत, मोठ्या पाट्या लावत नाहीत म्हणून दिसत नाहीत, आणि माझ्यासारखीचा धंदा त्यांच्या भरवशावर चालतो.

सगळ्या पत्रिका वेळेत गेल्या. आखाजीला वहिनी आणि पोरांना घेऊन नक्की या, खापरावरचे मांडे करणार आहे, आणि या वेळी घाई आहे म्हणून चहावर निघायचं नाही.

तुमची,
टायपिंगवाली ताई