बाळीच्या नावाविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

बाळीचे नाव हन्ना ठेवण्याचा आमचा विचार बाबांना फारसा रुचलेला नाही, हे परवाच्या फोनवरून जाणवले. हन्ना म्हटली की पोटी मूल नाही म्हणून रडणारी आणि सवतीचे टोमणे सोसणारी बाई डोळ्यांपुढे येते, असे ते म्हणाले. ते खोटे नाही. पण बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील ती कथा तेवढ्यावर थांबत नाही.

शिलो येथील मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज मात्र बाहेर येत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला ती प्यालेली वाटली आणि त्याने तिला तसे सुनावलेही. आपण मद्य घेतलेले नाही, परमेश्वरापुढे मन मोकळे करीत आहोत, असे तिने अदबीने पण स्पष्ट सांगितले, तेव्हा त्याच एलीने तिला आशीर्वाद देऊन पाठवले. यहुदी धर्मशास्त्र्यांनी हा प्रसंग फार बारकाईने वाचला आहे. ओठांनी उच्चार करावा, आवाज चढवू नये, चित्त ठिकाणावर असावे, हे प्रार्थनेचे नियम तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात हन्नेवरूनच काढलेले आहेत; शिवाय ज्याच्यावर खोटा आळ येतो त्याने तो दूर करावा आणि आळ घेणाऱ्याने त्याला आशीर्वाद द्यावा, हेही तिथेच सांगितले आहे. रोश हशाना या त्यांच्या नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हीच कथा वाचतात. याजकाला उत्तर देणाऱ्या बाईकडून प्रार्थना शिकावी, असे त्या विद्वानांना वाटले, याचे मला मोठे कौतुक आहे.

आईला लूकच्या शुभवर्तमानातील वृद्ध संदेष्टी हन्ना अधिक जवळची आहे, हे मी जाणतेच. येशूची आई मरीया हिच्या आईचे नाव बायबलमध्ये नाही. तीही हन्ना, म्हणजे कॅथलिकांची संत आना, ही परंपरा दुसऱ्या शतकातील एका ग्रंथातून आली. गोव्यात तळावलीच्या चर्चमध्ये अपत्यासाठी तिला काकड्या वाहतात. आपल्यात नवस बोलत नाहीत, हे खरे.

मुलगा झाला असता तर बाबा शमुवेल नाव ठेवणार होते. ते नाव हन्नेनेच आपल्या मुलाला ठेवले होते, हे त्यांनी त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात पाहावे आणि पाळकसाहेबांना बाप्तिस्म्यासाठी कोणते नाव कळवायचे ते लवकर लिहावे.

आपली लाडकी लेक