होडोरोव्स्कीचा इलाज आणि आपला पूर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलेहांद्रो होडोरोव्स्की या चिलीच्या फिल्म डायरेक्टरवर लेख आला होता, माणसांच्या मनावरचे जुने घाव तो कसे बरे करतो त्याबद्दल. लेख आवडला पण त्याला 'चमत्कारी उपचार' म्हटलंय ते मला पटलं नाही, आणि हा विषय सांगली जिल्ह्याच्या इतका जवळचा आहे की तो परदेशातली एक विचित्र गोष्ट म्हणून वाचून सोडून देऊ नये असं वाटलं, म्हणून हे पत्र. मी हौशी नाटकात काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा माणूस १९२९ मध्ये चिलीच्या उत्तरेला तोकोपिया नावाच्या बंदराच्या गावात जन्मला, आईबाप युक्रेनकडून आलेले ज्यू, बाप दुकानदार आणि भयंकर कडक. पुढं पॅरिसला जाऊन मार्सेल मार्सोबरोबर मूकनाट्य केलं, मग मेक्सिकोत नाटकं आणि फिल्म्स, १९७० ची 'एल टोपो' त्याचीच. मेक्सिकोत पाचिता नावाची एक म्हातारी होती, ती चाकू घेऊन लोकांची 'ऑपरेशनं' करायची, आपल्याकडं अंगात येतं तसलाच प्रकार. होडोरोव्स्की तिच्याजवळ बसून बघायचा. ते खरं का हातचलाखी या वादात तो फार अडकला नाही, त्यानं बघितलं ते एवढंच की समोरच्या माणसाच्या मनावर त्याचा परिणाम होतोय. आणि हा नाटकवाला माणूस, त्याच्या डोक्यात आलं की परिणाम जर त्या कृतीतनं होत असेल तर देव, भूत, अंगात येणं हे सगळं बाजूला ठेवून नुसती कृतीच का देऊ नये? त्याला त्यानं नाव दिलं सायकोमॅजिक.

म्हणजे करतो काय, तर माणसाची गोष्ट ऐकतो, आईबाप आजीआजोबा सगळ्यांची चौकशी करतो, आणि शेवटी एक काम सांगतो. पैसा हातात टिकत नाही म्हणणाऱ्या एकाला त्यानं बुटाच्या तळव्याला सोन्याची नाणी चिकटवून चालायला सांगितलं. घरच्यांवरचा राग गिळून बसलेल्याला भोपळ्यांवर घरच्यांचे फोटो चिकटवून हातोड्यानं फोडायला लावलं. एका डिप्रेशनमधल्या खूप म्हाताऱ्या बाईला सांगितलं की रोज जाऊन एका मोठ्या जुन्या झाडाला पाणी घाल. यातलं काही त्याच्या २०१९ च्या डॉक्युमेंटरीत दिसतं. पैसे घेत नाही, त्याची अट एकच की काम झाल्यावर काय झालं ते पत्र लिहून कळवायचं. मला या सगळ्यात ते पत्राचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जे अंगावरनं गेलं ते शेवटी आपल्याच शब्दात बसवावं लागतं. आणि याला आधार आहे, अमेरिकेत जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना ओळीनं चार रात्री पंधरा-पंधरा मिनिटं स्वतःच्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं, आणि नंतरच्या महिन्यांत त्या मुलांचं आजारपणासाठी दवाखान्यात जाणं कमी झालेलं दिसलं. तेव्हापासनं यावर भरपूर काम झालंय.

स्वतःवरही त्यानं हाच इलाज केला. वयाच्या ऐंशीनंतर परत तोकोपियाला गेला आणि आपल्याच लहानपणावर 'द डान्स ऑफ रिअॅलिटी' ही फिल्म काढली, २०१३ मध्ये. त्याच गावात शूटिंग, कडक बापाची भूमिका स्वतःच्या मोठ्या मुलाला दिली, आणि आईला ऑपेरा गायिका व्हायचं होतं ते राहून गेलं म्हणून फिल्ममधली आई अख्ख्या फिल्मभर बोलतच नाही, सगळे संवाद गाऊन म्हणते. संगीत नाटकाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, एखाद्या बाईची राहून गेलेली हौस मुलानं स्टेजवर पुरी करणं म्हणजे काय ते आपल्याला आतनं कळतं.

आता आपल्याकडं या. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात आणि कावळा शिवत नाही. सगळे उन्हात उभे, भटजी घड्याळ बघतायत, आणि मग घरातलं एकेक जण पुढं होऊन बोलायला लागतं, "आक्काचं लग्न आम्ही लावून देतो", "भावाबरोबरचा बांधाचा वाद मिटवतो", "आईला अंतर देणार नाही". जे त्या माणसाच्या जिवंतपणी कुणी बोललं नाही ते त्या वेळी पन्नास माणसांसमोर मोठ्यानं बोललं जातं. कावळ्याला काय कळतं हा प्रश्न बरोबरच आहे, कावळ्याला काही कळत नाही. पण पन्नास जणांनी ऐकलेला शब्द फिरवणं अवघड जातं आणि बोलणाऱ्याच्या छातीवरचं ओझं उतरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. होडोरोव्स्कीनं जे शोधलं ते आपल्या घाटावर आधीपासनं चालू आहे, फक्त त्याच्याकडं आपण कधी या नजरेनं बघत नाही.

दुसरं माझ्या घरातलं. माझी मावशी भिलवडीकडची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इकडं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट) तेव्हा तिकडं तिच्या घरात माळ्याला पाणी लागलं होतं. रात्री अंधारात दोन म्हशींची दावी तिनंच सोडली, कारण बांधून ठेवल्या असत्या तर डोळ्यांदेखत बुडाल्या असत्या, आणि त्या सापडल्याच नाहीत. नंतर पंचनामा झाला, मदत आली, घराची डागडुजी झाली, लोकांनी खूप केलं, खरंच खूप केलं. पण मावशीचं असं झालं की पत्र्यावर पावसाचा आवाज आला की रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पिशवी मांडीवर घेऊन रात्रभर कॉटवर बसायची. कुणी काही बोललं तर म्हणायची, "मी जागीच हाय, तुम्ही झोपा." डॉक्टरकडं चल म्हटलं की "मला काय येड लागलंय का".

पुढच्या आखाडात नवं पाणी आल्यावर गल्लीतल्या बायका कृष्णामाईची ओटी भरायला निघाल्या तेव्हा ही पण उठली. खण, नारळ, तांदूळ सगळं ताटात, आणि त्या ताटात म्हशींची ती दोन दावी. घाटाच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांसमोर नदीला म्हणाली, "घर घेतलंस, माझ्या दोन म्हशी घेतल्यास, सासूबाईची पितळी भांडी घेतलीस. ओटी भरतीया मी तुझी, पण आज हिशेब सांगून भरणार." आणि एकेक वस्तू मोजून सांगितली, म्हशींची नावं घेतली, कुणी तिला थांबवलं नाही, उलट शेजारची एक बाई पण आपलं काय काय गेलं ते सांगायला लागली. मग ओटी भरली आणि दावी पाण्यात सोडली. मावशी त्या दिवसानं बरी झाली असं मी म्हणणार नाही, पाऊस आला की अजून उठते. पण त्यानंतर ती मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं यायला तयार झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि कागदांची पिशवी परत कपाटात गेली. डॉक्टरांना ही घाटावरची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले की ज्याची भीती बसलीय त्याला सोबतीनं, सुरक्षित जागी, थोडं थोडं सामोरं जाणं ही ट्रॉमाच्या थेरपीतलीच मान्य पद्धत आहे, फक्त ती तिनं तिच्या भाषेत केली.

म्हणून चमत्कार या शब्दावर माझा आक्षेप आहे. हा जिल्हा आणि शेजारचा सातारा ही डॉ. नरेंद्र दाभोलकरांची माती आहे, साताऱ्याचा माणूस, डॉक्टर झाला तो मिरजेत, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा कुठं जादूटोणाविरोधी कायदा झाला. दैवी शक्तीच्या नावानं माणसाला डॉक्टरपासनं लांब ठेवणारे अजून गावोगावी आहेत. होडोरोव्स्कीसुद्धा काही वेळा त्या रेषेच्या पलीकडं जातो, त्या डॉक्युमेंटरीत कॅन्सर झालेल्या एका बाईला स्टेजवर घेऊन प्रेक्षकांना तिच्याकडं हात करून शक्ती पाठवायला लावतो. ते मला अजिबात मान्य नाही, कॅन्सरला असला इलाज दाखवणं धोक्याचंच. आणि माणूस म्हणूनही तो काही संत नाही. 'एल टोपो'मधल्या बलात्काराच्या सीनबद्दल त्या काळात त्यानं जी फुशारकी मारली होती, की ते खरंच केलं म्हणून, त्यावरनं २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका म्युझियमनं त्याचं प्रदर्शन रद्द केलं, ते फक्त पब्लिसिटीसाठी बोललो होतो असा खुलासा त्यानं केला तरी. बायकांच्या जखमा बऱ्या करण्याबद्दल बोलणाऱ्या माणसाची ही बाजू आपल्या लेखात यायला हवी होती.

पण त्याच्या हातातली मूळ गोष्ट खरी आहे, आणि ती त्याच्या एकट्याची नाही. १९२१ च्या सुमारास व्हिएन्नात जेकब मोरेनो नावाच्या डॉक्टरनं सायकोड्रामा सुरू केला, त्यात माणूस स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग स्टेजवर परत उभा करतो, बापाचं काम कुणी दुसरं करतं, जे बोलायचं राहिलं ते तिथं बोलतो, आणि त्याचं ट्रेनिंग घेतलेला माणूस ते सगळं सांभाळून नेतो. सांभाळून नेणं हे फार महत्त्वाचं. आपत्ती झाल्या झाल्या लोकांना एकत्र बसवून सगळं उकरून बोलायला लावू नका असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते, आधी निवारा, अन्न, घरची माणसं कुठं आहेत त्याची माहिती आणि शांतपणे ऐकून घेणारं कुणीतरी, बाकी नंतर. त्यामुळं उद्या कुणी उत्साहानं पूरग्रस्तांना गोळा करून 'चला रडा' म्हणायला लागला तर त्याला पण थांबवायला पाहिजे.

मला म्हणायचंय ते हे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथं सांगलीत केलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे, दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो. नाटक करणारी माणसं या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर आपण बघितले, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ती घरं अजून आहेत. तर पावसाळ्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत हौशी संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक यांनी मिळून नदीकाठच्या गावांत काम का करू नये? आधी आम्हा नाटकवाल्यांना ट्रेनिंग द्या, काय विचारायचं नाही ते शिकवा. मग गावातल्या शाळेत, देवळाच्या सभामंडपात, फक्त ज्याला यायचंय त्यानं यावं, तिकीट नाही, व्हिडिओ शूटिंग नाही, हार-तुरे नाहीत. ज्याला गोळ्या चालू आहेत त्यानं त्या बंद करायच्या नाहीत हे पहिल्या दिवशी सांगायचं. कुणी गेलेल्या बैलाबद्दल बोलेल, कुणी नुसतं ऐकेल, कुणी एक पत्र लिहील. पोरांना तर पुराचं नाटक बसवायला द्याच, मोठ्यांना जे सुचणार नाही ते पोरं करून दाखवतात हे मी बालनाट्याच्या तालमींत बघत आलेय.

याला खर्च फार नाही, लागतात ती माणसं आणि ती आहेत. माझ्या ओळखीचे चार-पाच जण आत्ता तयार आहेत. नाट्य परिषदेची शाखा, मिरजेतले डॉक्टर, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांच्यापैकी कुणीतरी पहिली मीटिंग बोलवावी, आणि आपल्या पेपरनं त्यासाठी जरा पाठपुरावा करावा ही विनंती.

आणि एक छोटं काम आपण उद्यापासनंही करू शकता. पावसाळ्यात आपण आयर्विनची पाणीपातळी रोज छापता, ते लोक सगळ्यात आधी वाचतात. त्याच चौकटीत खाली 'टेलिमानस १४४१६' एवढं छापा, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फुकट हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, आणि माझ्या मावशीच्या गल्लीत तरी तो नंबर कुणाला माहिती नव्हता.

आपली,
एक नाट्यकर्मी वाचक, सांगली