सव्वातीन तासांवर ताई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू झुरिकला, ताई मिलानला, मधे आख्खा आल्प्स. रात्री-अपरात्री तिला काही लागलं तर?" तेव्हा घाईत नीट उत्तर दिलं नाही. तुम्हाला त्या काळजीनं झोप लागली नसेल, हे नंतर मनात राहिलं.

रस्त्यानं अंतर सुमारे 280 किलोमीटर. थेट रेल्वेगाडीला साधारण सव्वातीन तास लागतात. म्हणजे पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबई गाठायला तुम्हाला लागायचा तेवढाच वेळ! गेल्या हिवाळ्यात ताई तापानं फणफणली होती. दुपारी तिचा फोन आला आणि रात्रीचा वरणभात मी तिच्या स्वयंपाकघरात लावला. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, रागावू नका.

एवढ्या लवकर पोचता येतं ते आल्प्समधल्या गॉटहार्ड डोंगराखालच्या नव्या रेल्वे बोगद्यामुळे. तो 57 किलोमीटर लांब आहे, 2016 साली सुरू झाला. काही ठिकाणी डोक्यावर दोन हजार मीटरहून जास्त उंचीचा डोंगर असतो, पण घाट चढावाच लागत नाही. गाडी पायथ्यातून शिरते आणि वीसेक मिनिटांत पलीकडे निघते. तेवढ्या वेळात खिडकीत फक्त काळोख.

म्हणूनच एक हट्ट आहे. मे महिन्यात याल तेव्हा ताईकडे जाताना आपण जुन्या मार्गानं जाऊ. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागेल, बेलिन्झोनाला गाडी बदलावी लागेल. आईच्या गुडघ्यांसाठी मधे भरपूर वेळ ठेवीन, बॅगा मी उचलीन.

तो मार्ग 1882 चा. चढ गाडीला झेपावा म्हणून रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरवलेत. वासेन नावाच्या गावात एक पांढरं चर्च आहे. ते आधी उंचावर दिसतं, मग समोर आणि शेवटी खाली. चर्च तेच, आपण वर आलेलो असतो. आई, ते तिन्ही वेळा तुला दाखवायचंय. पुढे गशेनेन ते ऐरोलो हा 15 किलोमीटरचा जुना बोगदा. तो खणणारे बहुतेक मजूर इटलीचे होते, त्यात जवळजवळ दोनशे जण मेले. काम ज्यानं अंगावर घेतलं, तो लुई फाव्र 1879 साली त्या बोगद्यातच कोसळून गेला, पलीकडचा उजेड त्याला दिसलाच नाही. बाबा, बोरघाट ओलांडताना "हे ज्यांनी फोडलं त्यांची नावं कुठेच नाहीत" असं तुम्ही दर वेळी म्हणायचात. पहिल्यांदा या बोगद्यातून गेलो तेव्हा तुमचाच आवाज कानात होता.

बोगद्याच्या अलीकडे पाट्या जर्मनमध्ये, पलीकडे इटालियनमध्ये. देश मात्र अजून स्वित्झर्लंडच असतो. इटलीची हद्द कियासोला लागते. तिथे कधी पोलीस चढतात, म्हणून पासपोर्ट बॅगेत खोल ठेवू नका, हाताशी असू द्या. व्हिसा शेंगेनचाच, दोन्हीकडे चालतो.

ताईनं तुमच्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली आवरून ठेवलीय. परतीचं विमान मिलानहूनच घेऊ, म्हणजे पुन्हा उलटा प्रवास नको. बाबा, तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळवा. जाताना आईला खिडकी.

तुमचा,
धाकटा