बी सुपात नको, झाडावर निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येळवस (वेळ अमावास्या) उरकली की आमच्या लातूरकडं जिथं दोन माणसं भेटतील तिथं तुरीवरच्या अळीचा विषय निघतो. तशात आपल्या शेतीच्या पानावर फवारणीचं वेळापत्रक छापून आलं: पहिली कळी धरताना, दुसरी फुलोऱ्यात, तिसरी शेंगा भरताना. वेळापत्रक चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. मीही त्याच बरहुकूम पाठीला पंप लावत आलोय. पण एकाच ओळीत शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांपैकी एकाची चाळणी होते आणि दुसरं कसं काय वाचतं, हा प्रश्न त्या अख्ख्या पानावर कुणालाच पडलेला दिसला नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या मायला तो पडायचा. तूर वाळायला लागली की ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोवून रानात जायची. झाडाच्या शेंगांवरून हात फिरवायची, भोकं बघायची, एखादी शेंग फोडायची आणि मनात भरलं तर बुडाशी चिंधी बांधायची. ते झाड सगळ्यांत डेरेदार असायचंच असं नाही. कापणीला चिंधीची झाडं वेगळी पडायची, वेगळी बडवली जायची, आणि ते बी राख चोळून उतरंडीत. मी तेव्हा नुकता कॉलेजातून आलेलो. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी सगळं रान फवारलं, रास झाल्यावर सुपात टपोरे, बिनभोकाचे दाणे निवडले आणि त्याला बियाणं म्हटलं. असं बारा वर्षं केलं.

त्यातली चूक फार उशिरा ध्यानात आली. फवारलेल्या रानात सगळीच झाडं साळसूद दिसतात. दाणा निर्मळ राहिला तो औषधामुळं, झाडाच्या अंगच्या गुणामुळं नव्हे. मी बारा वर्षं औषधाची निवड करत होतो, बियाण्याची नाही. दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, ‘काका, मग चांगलंच की!’ त्याच्या बाजूनं चांगलंच.

हेच रोगाच्या बाबतीत मात्र आपल्याकडं कसं नीट झालं बघा. तुरीच्या मर रोगाला दाद न देणारा वाण शोधताना शास्त्रज्ञ मुद्दाम रोगट जमिनीत पेरा करतात. जे मरायचं ते मरू देतात, उरेल त्याचं बी धरतात. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेली बीएसएमआर ७३६ ही तूर मर रोगापुढं आणि झाडाला फुलं-शेंगा धरू न देणाऱ्या वांझ रोगापुढं टिकते ती अशा पारखीमुळंच. मग अळीसाठी पारख करताना हात आखडता का? निदान दोनतीन ओळी तरी अळीच्या तोंडी द्यायला नकोत?

अळीला अंगभूत विरोध म्हणजे काही जादू नाही. हरभऱ्याचंच घ्या. पहाटे हरभऱ्यातून चाललं की धोतर ओलं होतं आणि पोटऱ्या चुणचुणतात. आमच्याकडं बायका दवात फडकं अंथरून ती आंब, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट पाणी, पिळून ठेवायच्या, पोटदुखीवर. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि ऑक्झॅलिकमुळं घाटेअळीची, तुरीच्या शेंगा पोखरते तिचीच, वाढ खुंटते. कुठल्या झाडाची आंब जास्त, कुठल्याची कमी. माळावर वेलासारखी पसरणारी रानतूर पाहिली असेल. तिच्या शेंगेवर इतकी दाट लव असते की अंड्यातून निघालेली बारकी अळी त्या लवेतच अडखळते, सालीपर्यंत पोचत नाही. काही झाडं अळीनं पहिला बहर खाल्ला तरी दुसरा काढतात. आणि काही नुसतीच नशीबवान, आधी फुललेली: अळीचा जोर यायच्या आत शेंग पक्की झालेली. हे शेवटचं निवडीत फसवतं. म्हणून तुलना करायची ती एकाच दिवशी पेरलेल्या, एकाच वेळी फुललेल्या झाडांची, आणि तीही दोनतीन हंगाम. एका वर्षी वाचलेलं झाड योगायोगानंही वाचलेलं असतं.

साठवणीतल्या भुंग्याची परीक्षा तर घरात बसून होते. परवाच्या उन्हाळ्यात मी तीन बरण्यांत तीन चवळ्या घातल्या, प्रत्येकी शंभर दाणे: बाजारची पांढरी टपोरी, बांधावरची तांबडी आणि मावसबहिणीकडची बारीक करडी. प्रत्येक बरणीत दहा भुंगे सोडून तोंडाला फडकं बांधलं. आठवडाभरात तिन्हींच्या दाण्यांवर पांढरे ठिपके दिसले. ती भुंग्याची अंडी. मादी ती दाण्याला चिकटवूनच ठेवते. सव्वा महिन्यानं मोजलं. पांढरीतले जवळपास सगळे दाणे भोकाळलेले, तांबडीचे निम्म्याहून जास्त. करडीवर अंडी तेवढीच, भोकं मात्र अठरा. म्हणजे भुंग्याला तिचं वावडं नव्हतं, आत शिरलेल्या अळीला ती मानवली नाही. बायको म्हणाली, ‘किडे पाळायचं वय आहे का हे!’ पण पुढच्या खेपेला बरण्या तिनंच धुऊन ठेवल्या.

हे घरगुती झालं, पण मोठ्या पातळीवरही वाट हीच आहे. नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं हजारो चवळ्या तपासल्या, तेव्हा टीव्हीयू २०२७ या क्रमांकाची तिकडची गावरान चवळी भुंग्याला पुरून उरली. पुढं भुंग्यांच्या पिढ्या तिलाही सरावू लागल्या, म्हणजे निवड एकदा करून भागत नाही. तुरीबाबत हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं हजारो वाण घाटेअळीपुढं उभे केले. पूर्ण दाद न देणारा एकही निघाला नाही, थोडाफार टिकाव धरणारे निघाले. माझी अपेक्षाही तेवढीच आहे. तीनऐवजी दोन फवाऱ्यांत भागलं तरी डोईवरचं ओझं हलकं होतं.

अडचणी आहेत. तुरीच्या फुलावर मधमाश्या फार, त्यामुळं शेजारच्या शेतातल्या वाणाचा संकर होतो आणि चिंधीवाल्या झाडाचं बी निर्भेळ राहत नाही. मी आता निवडलेल्या फांदीला कळीतच मच्छरदाणीची पिशवी घालतो. हरभरा, मूग, उडीद यांना ही कटकट नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तिथूनच करावी. दुसरं म्हणजे अळीला न रुचणारा दाणा बरेचदा बारीक, जाड सालीचा, कधी कडवट. आडतीवर त्याला कोण विचारतो?

आणि निवडायला मुळात वाण हवेत. पूर्वी येळवशीच्या भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, पडणारं सगळं रानातलंच असायचं: वाल, पावटा, दोन तऱ्हेची तूर, हिरवा हरभरा. यंदा माझ्या घरच्या भज्जीतला वाल बाजारातून विकत आणला. सोयाबीननं मूग-उडदाची जागा घेतली, ज्वारीतले तुरीचे पाटे गेले, बांधही नांगरात गेले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वालघेवड्याचे वाण जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आनंद आहे. पण जपलेलं बी बरणीत राहिलं तर त्याचा अळीशी सामना होत नाही. ते दरवर्षी रानात उतरलं पाहिजे.

आपल्यामार्फत परभणीच्या कृषी विद्यापीठाला आणि कृषी विज्ञान केंद्रांना एकच विनंती. शिवारफेरीत आम्हाला फवारलेले, हिरवेगार प्लॉट दाखवता, त्यांच्या शेजारी त्याच वाणांची एकेक बिनफवारणीची ओळ ठेवा. सोबत गावरान वाणही लावा. आम्हाला चिंध्या द्या आणि आमच्या बायकांना पुढं घाला. कुठलं झाड कुणी का निवडलं तेवढं लिहून घ्या. आणि वाणाच्या माहितीपत्रकात उत्पादन, दिवस, मर रोग छापता, तिथं न फवारता किती शेंगा किडल्या तो आकडाही छापा.

माझ्या यंदा तीन ओळी बिनफवारणीच्या आहेत. शेजारी म्हणतो, अळीची पैदास तुझ्याकडूनच होते. त्याचं अगदीच चूक नाही, म्हणून त्या ओळी रानाच्या मधोमध धरल्यात आणि भोवती पक्षीथांबे रोवलेत. आजवर सात चिंध्या बांधल्या होत्या. परवा फिरून पाहिलं, दोन सोडाव्या लागल्या.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर