रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंदाजपत्रकात बेघरांसाठी तरतूद झाली की ती इमारत आणि गाडीवर खर्ची पडते. रेल्वे स्टेशनबाहेर किंवा एसटी स्टँडवर चिंध्यांचे थर अंगावर चढवून स्वतःशी बोलत बसलेला माणूस निवाऱ्यात आपणहून जात नाही. चार भिंतींत आपल्याला कोणी मारेल, अशी त्याची पक्की खात्री असते. त्याच्यापर्यंत रोज चालत जाणारी माणसे हवीत आणि त्यांचा पगार बारा महिने सुरू हवा. त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे फक्त याच खर्चाचा वेगळा रकाना, हवे.

पहिले दोन-तीन आठवडे औषधाचे नावही काढायचे नसते. तीच दोन माणसे, ठरलेल्या वेळी, चहा आणि पाण्याची बाटली घेऊन जातात. एकजण तरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारा हवा. सोलापुरात त्यावाचून निम्मे काम अडते. मग जखमा, रक्तदाब, साखर. दारू अचानक तुटल्याने किंवा मेंदूज्वराने बरळणाऱ्याला ‘वेडा’ समजून मनोविकाराची गोळी दिली, तर जिवावर बेतते. म्हणून पथकात परिचारिका लागतेच.

गोळी समोर गिळवावी लागते. पुडी हातात दिली की हरवते. दोन ते चार आठवडे टिकणारे इंजेक्शन सोयीचे, पण आधी कमी मात्रा देऊन पाहावी लागते आणि पुढचे दोन-चार दिवस रोज भेट घ्यावी लागते. मान वाकडी होणे, जीभ जड होणे हे त्रास याच दिवसांत होतात. त्यावरची साधी गोळी वेळेत मिळाली नाही, तर तो माणूस जागा सोडून निघून जातो आणि परत विश्वास ठेवत नाही. आठवड्यातून एकदा फिरणारे शिबिर इथेच फसते.

आपल्या उन्हाळ्याचे वेगळेच. पारा चाळिशीपार जातो आणि यातली बरीच औषधे घाम कमी करतात, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळी लवकर हवी, सोबत पाणी हवे, दुपारची सावली शोधून द्यायला हवी. रक्ततपासणीची सोय नसताना लिथियम हे मनोविकाराचे औषध तर रस्त्यावर सुरूच करू नये.

कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा निराधार भटक्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोधही घ्यायचा असतो. कलम १८ प्रमाणे सरकारी उपचार मोफत आहेत, रेशनकार्ड असो वा नसो. प्रत्यक्षात फलाट लोहमार्ग पोलिसांचा आणि बाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा, या हद्दीत माणूस अडकतो. आधारकार्ड नाही म्हणून केसपेपर अडतो. प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याला, अडीचशे किलोमीटरवर. एवढ्या लांब न्यावी लागणारी कितीतरी माणसे इथेच सावरू शकतात, फक्त वेळेत कोणी पोहोचले पाहिजे.

बरे वाटू लागले की माणूस गावाचे, शेजारच्या देवळाचे, नदीचे नाव सांगतो. त्यावरून घर सापडते. पण घरी सोडताना महिन्याची औषधे, चिठ्ठी आणि त्या जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा संपर्क दिला नाही, तर औषध बंद पडते आणि तोच माणूस पुन्हा एखाद्या फलाटावर दिसतो. वर्षभर फोन करणे हेही कामच आहे, त्याचाही पगार धरावा.

आमची मागणी मोठी नाही. एक समाजसेवक, एक परिचारिका, दोन क्षेत्र कार्यकर्ते, आठवड्यातून दोन दिवस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मानसोपचारतज्ज्ञ, औषधे आणि निवाऱ्यात काही राखीव खाटा. महापालिकेने यासाठी वेगळे लेखाशीर्ष उघडावे आणि त्यातली रक्कम मार्चअखेरीस दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही, अशी अट घालावी.

आपले,
बेघर मनोरुग्णांसाठी काम करणारे कार्यकर्ते, सोलापूर