सूचनापेटी माठाजवळ ठेवा

महोदय,
हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं फिटर होतो. मे महिन्यात पत्र्याखाली डोकं तसंही तापलेलं असतं. आमच्यातल्या एका अबोल पोरानं कन्व्हेअरचा पट्टा सरकू नये म्हणून भंगारातली पट्टी बसवली. साहेबांनी ‘आधी टार्गेट बघ’ म्हणत सगळ्यांदेखत झापलं. पुन्हा त्यानं काही सुचवलं नाही. दुसऱ्या एकाला मात्र ओरडा खाल्ला की चेव यायचा! यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं, की अवघड गोष्ट शिकताना धाक बेताचाच हवा. आमची सूचनापेटी गेटवर, थेट कॅमेऱ्याखाली. ती आत माठाजवळ ठेवली असती तर?

– एक निवृत्त फिटर, नागपूर