नांदूर मधमेश्वरला मे महिन्यात रिंगिंग शिबिर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या समुद्रकाठच्या अभयारण्यांची छायाचित्रे दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतात. पुळणीवर गुडघे टेकून बसलेले स्वयंसेवक, त्यांच्या मुठीत सुरय या पाणपक्ष्याचे पिल्लू आणि पिल्लाच्या पायात चकचकीत कडी. ती पाहून नाशिकमध्येही मागणी होते की, मे महिन्याच्या सुट्टीत निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात शाळकरी मुलांसाठी असेच रिंगिंगचे, म्हणजे पक्ष्यांना कडी घालण्याचे, शिबिर भरवावे. मागणीमागचा हेतू चांगला आहे, पण महिना चुकीचा निवडला आहे. शिवाय मुलांच्या हाती आधी काय द्यायचे, याचा क्रमही उलटा झाला आहे.

ती छायाचित्रे बहुधा ब्रिटनच्या किनाऱ्यावरची असतात. तिथे 1909 पासून पक्ष्यांना आकडे असलेली कडी घालण्याची योजना चालू आहे. सुरयांची पिल्ले जूनमध्ये अंड्यांतून बाहेर येतात, तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर पारा विशीच्या आसपास असतो. तरीही पिल्लांच्या वसाहतीत थोडाच वेळ थांबायचे, पाऊस किंवा कडक ऊन असेल तर पाऊलच टाकायचे नाही, असे नियम काटेकोर पाळतात. परवान्यासाठी उमेदवाराला प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकावे लागते आणि त्यात एक-दोन वर्षे सहज जातात. या शिस्तीचे फळही मोठे आहे. इंग्लंडच्या फार्न बेटांवर 1982 च्या उन्हाळ्यात उडताही न येणाऱ्या एका आर्क्टिक सुरयाच्या पिल्लाला कडी घातली होती. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ सापडले.

आता निफाड तालुक्यात या. निफाड म्हटले की वर्तमानपत्रांना थंडीचा नीचांक आठवतो, पण एप्रिल-मेमध्ये याच पाणथळीवर पारा चाळिशीला टेकतो. नेमक्या याच दिवसांत नदी सुरय, लहान आर्ली, टिटवी, कंठेरी चिखल्या आणि शेकाटे उघड्या गाळपेरावर, वाळूच्या पट्ट्यांवर, दगडगोट्यांत अंडी घालतात. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, त्यावर सावलीचा पत्ता नाही. दुपारी टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मे महिन्यात तिचे बसणे ऊब देण्यासाठी कमी आणि सावली देण्यासाठी जास्त असते. माणसे जवळ आली की ती उठते, ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढ्या वेळात अंड्यातला जीव भाजून निघतो. माणूस गेल्यावर घारी-कावळे येतात ते वेगळेच. टिटवीची अंडी उबायला साधारण 28 दिवस लागतात. अठ्ठाविसांपैकी एक दुपार चुकली तरी सगळे वाया जाऊ शकते.

मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरच्या आणि आपल्या उन्हाळ्यातही एक फरक आहे. ठाणे खाडीत किंवा उरणच्या चिखलावर मे-जूनमध्ये दिसणारे चिखल्या आणि तुतारी तिथे वीण करत नाहीत. त्यांची वीण उत्तरेकडे होते. प्रौढ पक्षी एप्रिलमध्ये विटकरी-तांबूस होतात आणि मेच्या मध्यापर्यंत निघून जातात. मागे राहतात ते बहुतेक गेल्या वर्षी जन्मलेले करडे, कोवळे पक्षी. पहिल्या उन्हाळ्यात ते उत्तरेला जाण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. तिथल्या पक्ष्याला जाळ्यात धरले तर त्याच्या मागे घरटे उघडे पडत नाही. नांदूर मधमेश्वरला मेमध्ये सापडलेल्या सुरयाच्या मागे मात्र बहुधा दोन-तीन अंडी तापत असतात.

रिंगिंग म्हणजे पक्षी धरून पायात कडी अडकवणे, एवढीच अनेकांची समजूत दिसते, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. लहान पक्ष्यांसाठी मिस्ट नेट लावतात. हे बारीक काळ्या दोऱ्याचे, साधारण बारा मीटर लांबीचे जाळे असून त्याला आडवे चार-पाच कप्पे असतात. पक्षी आदळतो आणि खालच्या झोळीत पडतो. वारा सुटला की झोळ फुगतो, जाळे पक्ष्याला दिसते आणि आत अडकलेल्याला पीळ बसतो. उन्हात दहा-पंधरा मिनिटेही पक्षी लटकला तर तो चोच उघडून धापा टाकू लागतो. म्हणून थंड वेळेलाही जाळ्यांची फेरी दर वीस मिनिटांनी करावी लागते, आणि ऊन चढले की जाळी गुंडाळावी लागतात. आपल्याकडे मेमध्ये ही वेळ सकाळी आठलाच येते. मुलांना बसने अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी, चापडगावला आणून, चहा-पोहे उरकून सुरुवात करायची म्हटले तर तोवर काम थांबवायची वेळ झालेली असेल.

जाळ्यातून पक्षी काढणे ही खरी विद्या आहे. तो ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने काढायचा, आणि सहसा आधी पाय मोकळे करायचे. दोरा जिभेच्या मागच्या काट्यांत अडकला असेल तर ओढायचे नाही, दोरा कापायचा. जाळे पुन्हा विणता येते. पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये सैल धरायची आणि छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड हलले तरच त्याचा श्वास चालतो, त्यामुळे घट्ट मूठ म्हणजे गुदमरणे. नंतर सुती पिशवी, वजन, पंखाची आणि नडगीची लांबी, पिसे झडण्याची अवस्था, पोटावरची चरबी. पोटाला पिसे नसलेला, लालसर, सुजल्यासारखा भाग दिसला तर पक्षी अंड्यांवर बसलेला आहे असे समजून मोजमाप अर्धवट टाकून त्याला तिथेच सोडायचे.

कडीचे मापही पायागणिक बदलते. ती पायावर वरखाली सरकली पाहिजे, गोल फिरली पाहिजे, पण सांध्यावरून निसटता कामा नये. तोंडे एकमेकांना तंतोतंत भिडली पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी तिच्यात गवत किंवा तंगूसाचा धागा अडकतो. खाऱ्या पाण्यात साधे अ‍ॅल्युमिनियम झिजून आकडे पुसतात, म्हणून समुद्री पक्ष्यांना पोलादी किंवा कठीण मिश्रधातूची कडी घालतात. उपग्रह किंवा मोबाइल जाळ्यावर चालणारे यंत्र लावायचे तर त्याचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. पन्नास ग्रॅमच्या तुतारीसाठी ही मर्यादा दीड ग्रॅमची होते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार जाळ्यात पक्षी पकडणे शिकारीच्या व्याख्येत बसते. शास्त्रीय कामासाठी कलम 12 खाली परवानगी घ्यावी लागते. हौसेच्या शिबिराला ती मिळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या पुढाकाराने 1959 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. स्थलांतरित पक्ष्यांसोबत रोग पसरतात का, हा तेव्हाचा एक मुख्य प्रश्न होता. नांदूर मधमेश्वरला अशा जाणत्या संस्थेने हिवाळ्यात, बदके आणि चिखलपक्षी उतरलेले असताना, परवान्यासह रिंगिंग केले तर आम्ही सामान उचलायला येऊ.

मुलांना सुट्टीत द्यायचे काम वेगळे आहे आणि ते जास्त उपयोगी आहे. त्यांनी कड्या वाचायला शिकाव्यात. घातलेली कडी कोणी वाचली नाही तर घालणाऱ्याचे सगळे श्रम फुकट जातात.

सुट्टीत नाशिकची कितीतरी कुटुंबे मुंबई, ठाणे, रायगडकडे जातात. ठाणे खाडीत रोहित पक्षी साधारण मेअखेरपर्यंत असतात. 2022 मध्ये तिथल्या सहा रोहितांना यंत्रे बसवली होती आणि त्यातले काही भावनगरच्या किनाऱ्यापर्यंत गेल्याचे दिसले. खाडीवर जाताना घड्याळाआधी पंचांग पाहावे. तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची अदमासे वेळ मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब आहे. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरावा. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पांगलेले असतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलते. म्हणून दशमी ते द्वादशीचा दिवस धरून भरतीच्या दोन तास आधी पोहोचावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात काम होते. नऊनंतर चिखलावरून वाफा उठतात आणि कितीही भारी दुर्बिणीतून आकडे थरथरतच दिसतात.

नोंद करताना डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा, आपल्या डाव्या हाताकडचा नव्हे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कडी किंवा रंगीत पताका सांध्याच्या वर आहे की खाली, ते लिहावे. रंग वरून खाली या क्रमाने लिहावेत. उन्हाने लाल रंग नारिंगी होतो आणि चिखलाने पांढरा पिवळट दिसतो, म्हणून शंका असेल तर शंका असल्याचेच लिहावे. अंदाजाने भरलेले अक्षर कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण ते दुसऱ्याच पक्ष्याच्या खात्यावर जमा होते. एक छायाचित्र पूर्ण पक्ष्याचे आणि तीन-चार पायांचे घ्यावे. एका पायावर उभा असेल तर थांबावे, तो दुसरा पाय कधीतरी खाली टेकतोच. तारीख, वेळ, ठिकाण आणि थव्याची संख्या लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावे. ही सवय लागली की हिवाळ्यात मंगोलियात अक्षरांचा गळपट्टा घातलेला पट्टकादंब हंस आपल्या पाणथळीवर उतरला, तर त्यावरची अक्षरे टिपणारे कोणीतरी तयार असेल.

धातूच्या कडीचा पक्षी मेलेला आढळला तर उघड्या हाताने उचलू नये. पिशवी हातात घालून पाय उलटसुलट करावा आणि कडीची छायाचित्रे घ्यावीत, आकड्यांच्या आधीचे अक्षरही आले पाहिजे. जिवंत, जखमी पक्षी असेल तर कडी काढू नये, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. पाठीवर यंत्र आणि तार दिसली म्हणून हेर समजून पक्षी पोलीस ठाण्यात नेण्याचे प्रकारही मग थांबतील.

नांदूर मधमेश्वरला जानेवारी 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर केले गेले, पण आपली सगळी मोजदाद हिवाळ्याची. उन्हाळी घरट्यांची सलग नोंद ठेवायला हवी, आणि ती काठावरून किंवा मनोऱ्यावरून दुर्बिणीने होते. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी सहा ते आठ, ठरलेल्या त्याच जागांवरून अंड्यांवर बसलेले पक्षी मोजायचे. उडणारे मोजू नयेत, तेच ते पुन्हा मोजले जातात. सोबत पाण्याची पातळी लिहायची, कारण इथल्या घरट्यांना सर्वात मोठा धोका पाण्याचाच आहे. हा साठवणीचा तलाव नाही. दारणा-गंगापूरमधून सोडलेले पाणी अडवून कालव्यांत वळवणारा हा बंधारा आहे. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची ठरलेली पाळी, सुटले की पातळी चढते आणि वीतभर उंचीचे वाळूचे पट्टे अंड्यांसकट पाण्याखाली जातात. आवर्तन थांबवा असे कोणी म्हणणार नाही, ते शेतीचे आणि पिण्याचे पाणी आहे. पण पातळी एकदम न चढवता दोन-तीन दिवसांत चढवता आली, तर निदान चालती झालेली पिल्ले उंचावर सरकतील. आणि आवर्तनाची तारीख पाटबंधारे खात्याने आठवडाभर आधी वन्यजीव विभागाला कळवून चापडगावच्या प्रवेशद्वारावरच्या फळ्यावर लिहिली, तर मोजणी पाणी येण्याआधी एकदा आणि नंतर एकदा करता येईल, आणि किती घरटी गेली ते आकड्यांत सांगता येईल.

आपले,
नाशिकमधील काही पक्षीनिरीक्षक